एक दिवस माझा : वसई, वज्रेश्वरी आणि ऊन पाण्याचं कुंड

लग्नाला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एकटीनं एस.टी.त बसून मी कुठं गेले असेन तर भोकरदनला, नाहीतर फार तर जालन्याला. तेही कधी शाळेच्या कामासाठी, कधी बँकेत, कधी सासूबाईंची औषधं आणायला. नुसतं पाहायला म्हणून, आणि सोबत कुणीही नाही, असं कधी घडलंच नव्हतं. म्हणून मागच्या पौषातला तो एक दिवस अजून मनातून जात नाही. तुम्हाला सांगावासा वाटला.

निमित्त झालं धाकट्या बहिणीच्या बाळाच्या बारशाचं. ती विरारला असते. जालन्याहून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस पकडून मी तिच्याकडे गेले. बारसं झालं, पाहुणे पांगले आणि माझ्या परतीच्या गाडीला दोन दिवस उरले. हसनाबादच्या एका खाजगी शाळेत मी अर्धवेळ शिकवते. माझ्याकडे इतिहास आहे. चिमाजी आप्पांनी वसई घेतली हे मी दरवर्षी पोरांना सांगते, फळ्यावर किल्ल्याची चौकट काढून बुरुज दाखवते. मागच्या वर्षी एका पोरानं विचारलं होतं, "बाई, तुम्ही पाहिलाय का किल्ला?" मी म्हटलं, "पुस्तकात पाहिलाय." पोरं हसली. ते हसू मला लागून राहिलं होतं.

बहीण बाळंतीण. तिचे यजमान कामावर. मग सोबत कोण येणार? रात्री ह्यांना फोन केला. हे क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "जा की. फक्त आईला सांगू नकोस एकटी गेलीस म्हणून." पण सासूबाई फोनच्या जवळच बसलेल्या. मागून आवाज आला, "एकटी कशाला जाती? संगं माणूस नको का?" मी काहीच बोलले नाही. सकाळी साडेसहाला पिशवी उचलली आणि निघाले.

पिशवीत काय होतं ते आधीच सांगते, कारण परतल्यावर शेजारणींनी पहिला प्रश्न तोच विचारला. एक सुती साडी, सैल गाऊन, पंचा, केसांना बांधायला फडकं, ओले कपडे ठेवायला प्लास्टिकची पिशवी, पाण्याची बाटली, चार दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पैसे दोन ठिकाणी ठेवले होते, थोडे पर्समध्ये आणि बाकीचे कमरेच्या पिशवीत. ओळखपत्रही बरोबर होतं. एवढं पुरे. शाल घेतली होती ती उगीच वागवावी लागली. कोकणात पौष म्हणजे आपल्याकडचा फाल्गुन!

विरारहून लोकलनं वसई रोडला उतरले. पश्चिमेकडून किल्ल्याकडे बस आणि भागीदारीच्या रिक्षा जातात. वाटेत वाड्या, केळी, नारळी, माडांच्या सावलीतली कौलारू घरं आणि मधूनच पांढरं चर्च. एका थांब्यावर लाल लुगडं नेसलेली एक म्हातारी रिक्षात बसली. वसई भागातल्या सामवेदी ख्रिस्ती समाजातल्या जुन्या बायकांचा हा पेहराव, असं मी वाचलं होतं. ती रिक्षावाल्याशी काय बोलली ते मला निम्मंच कळलं, आणि तीही मराठीचीच एक बोली! आपल्याच भाषेत परकं होण्याची ही गंमत मी पहिल्यांदाच अनुभवली.

किल्ला म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे देवगिरी होता. डोंगर, खंदक, अंधारी. वसईचा किल्ला तसा नाहीच. तो सपाटीवर, समुद्राला आणि खाडीला चिकटून पसरलेला आहे. आत शिरलं की आपण किल्ल्यात नसून एका ओसाड गावात आलो आहोत असं वाटतं. रस्ते, वाड्यांच्या भिंती, मठ, छप्पर नसलेली देवळं – म्हणजे चर्चं. सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा अजून उभा आहे. कमानींवर वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी जाळं विणलंय. समुद्राकडच्या दर्या दरवाज्याच्या जाड फळ्यांवर हात ठेवला तेव्हा अंगावर काटा आला. चौदा वर्षं फळ्यावर खडूनं काढलेला दरवाजा हा असा होता तर!

थोडा इतिहास सांगते, बाईंची खोड जात नाही. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानं तहानं वसई पोर्तुगीजांना दिली. तेव्हापासून दोनशे वर्षांहून जास्त काळ इथं त्यांचं राज्य होतं. थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांनी १७३९ च्या सुरुवातीला वेढा घातला. भिंती तोफांनी पडेनात. मग सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग खणले. मे महिन्यात ते उडवून मराठे खिंडारातून आत घुसले. माणसं किती कापली गेली, किती सुरुंगातच गाडली गेली, त्याची मोजदाद करवत नाही. अखेर १६ मे १७३९ ला तह झाला. किल्ल्यातल्या लोकांना चीजवस्तू घेऊन जायला आठ दिवसांची मुदत मिळाली. हे मी वर्गात नेहमी ठासून सांगते, की एवढं रक्त सांडल्यावरही शब्द पाळला गेला. चर्चमधल्या मोठ्या घंटा मात्र मराठ्यांनी नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली, भीमाशंकरची, या त्यातल्याच घंटा.

पुढं दीड वर्षातच चिमाजी आप्पा वारले. त्यांचा पुतळा किल्ल्याजवळ आहे. आवारातल्या नागेश्वराच्या देवळात दोन मिनिटं टेकले. तिथं एका बाईनं विचारलं, "तुमच्यासोबतचे कुठंयत?" मी म्हटलं, "येतायत मागून." का खोटं बोलले कोण जाणे! नंतर दिवसभर या वाक्याची मला लाज वाटत राहिली.

किल्ल्यात सकाळी लवकर जावं हे बरं. फार आत, झाडीत, एकटीदुकटीनं शिरू नये. लोकांच्या नजरेतल्या वाटेनं फिरावं. मी तसंच केलं, आणि तरी दोन तास कसे गेले कळलं नाही. परतताना वसईच्या बाजारातून सुकेळी घेतली. सुकेळी म्हणजे सुकवलेली केळी. इकडे राजेळी जातीची लांब केळी पूर्ण पिकू देतात, सोलतात आणि कित्येक दिवस उन्हात वाळवतात. आगाशी गावची सुकेळी फार जुन्या काळापासून नावाजलेली. वर साखर नाही, तूप नाही. रंग काळसर-तांबूस, चव थेट मधासारखी. आपल्याकडे अंजीर जपून खातात तशी ही एकेक खावी. प्रवासात दोन सुकेळी आणि घोटभर पाणी म्हणजे पोट शांत.

आता गाडी वज्रेश्वरीकडे. विरारहून हे अंतर पंचवीस-सव्वीस किलोमीटर. मुंबई-अहमदाबाद रस्त्यावरच्या शिरसाड फाट्यावरून आत वळायचं. (ठाणे-भिवंडीकडून येणाऱ्यांना वाड्याच्या रस्त्यावरचं अंबाडी सोयीचं.) माझी एक एस.टी. डोळ्यांदेखत सुटली. पाऊण तास थांबले. घरच्या माणसांबरोबर असते तर या पाऊण तासात चार जणांची बोलणी खाल्ली असती, की उगीच रेंगाळलीस म्हणून. इथं बोलायला कुणी नव्हतं. बाकावर बसून एक दशमी खाल्ली, माणसं पाहिली. २०२३ पासून एस.टी.त आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, ते काढताना कंडक्टरनं "एकच?" म्हणून विचारलं. या वेळी मी म्हटलं, "हो, एकच."

वज्रेश्वरीचं देऊळ टेकडीवर आहे, तानसा नदीच्या अंगाला. आणि इथंच सकाळचा धागा जुळतो. वेढ्याच्या वेळी चिमाजी आप्पांनी या देवीला नवस बोलला होता, की वसई हाती येऊ दे, तुझं देऊळ बांधीन. वसई आली आणि सुभेदार शंकर केशव फडके यांनी नवस फेडायला हे देऊळ उभं केलं. म्हणून याचं प्रवेशद्वार किल्ल्याच्या दरवाज्यासारखं, वर नगारखाना आणि भोवती दगडी तट. सकाळी मी जो दरवाजा पाहिला, त्याची आठवणच जणू इथं बांधून ठेवलीय. बावन्न दगडी पायऱ्या नाशिकच्या नानासाहेब चांदवडकर सावकारांनी बांधल्या असं सांगतात. चढताना एका पायरीवर कासव कोरलंय. लोक त्याला हळदकुंकू वाहून पुढं जातात. गाभाऱ्यात मधोमध वज्रेश्वरी, शेजारी रेणुका आणि कालिका. मी माहेरची माहूरला मानणारी. रेणुकामाता इथं भेटल्यावर गावची ओळखीची बाई परगावी भेटावी तसं झालं. चैत्री अमावास्येला इथं मोठी यात्रा भरते. गर्दी नको असेल तर तेव्हा जाऊ नका.

दुपारचा एक वाजून गेला होता. आणि आता माझी खरी परीक्षा होती. हसू नका, पण खानावळीत एकटीनं बसून जेवणं हे मी जन्मात केलं नव्हतं. घरी सगळ्यांचं झाल्यावर जेवते, ते एकटीनंच. पण ते निराळं. इथं टेबलावर बसायचं, काय हवं ते सांगायचं आणि दुसऱ्यानं वाढायचं. दारात दोनदा घुटमळले. गल्ल्यावर एक बाई होत्या, म्हणाल्या, "या ताई, पंख्याखाली बसा." बसले.

ताटात तांदळाची भाकरी, कडव्या वालाचं बिरडं, भात आणि सोलकढी. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, ती टम्म फुगते आणि खमंग लागते. तांदळाची भाकरी पांढरीशुभ्र, मऊ, घडी घातली तरी मोडत नाही. पीठ उकळत्या पाण्यात उकडून मळतात म्हणून तसं होतं. बिरडं तर मी दोनदा मागून घेतलं, आणि गल्ल्यावरच्या बाईंना कृतीही विचारली. वाल रात्रभर भिजवायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे. मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. हे सोलणंच वेळखाऊ. बाई म्हणाल्या, दोघी गप्पा मारत बसल्या की होऊन जातं. फोडणीला तेल, मोहरी, हिंग, हळद, थोडा कांदा. त्यावर वाल घालून झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवायचे. दाणा शिजला पाहिजे पण फुटता कामा नये. शेवटी तिखट, मीठ, आमसूल, गुळाचा खडा आणि ओलं खोबरं. आमसूल-गूळ आधी घातलं तर वाल शिजतच नाहीत, हे लक्षात ठेवा. हसनाबादला ओला नारळ महाग पडतो. मी घरी सुकं खोबरं भाजून घातलं, चव थोडी निराळी पण वाईट नाही.

जेवल्यावर लगेच ऊन पाण्यात उतरू नये. तासभर देवळाच्या सावलीत बसले, मग रिक्षानं अकलोलीला गेले. ते किलोमीटरभरच आहे. या परिसरात पाच किलोमीटरांच्या आत वीसेक झरे आहेत. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी मिळून. कुंडांना नावं सूर्य, चंद्र, अग्नी, राम, लक्ष्मण, सीता अशी. लोककथा सांगते की देवीनं मारलेल्या दैत्यांचं ते ऊन रक्त. शास्त्र असं की पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून फार खोल मुरतं, खाली पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. येताना गंधकासारखी द्रव्यं आणि क्षार घेऊन येतं. ज्वालामुखी आज इथं कुठंही नाही. आपला काळा पाषाण लाव्हाचाच खरा, पण तो थिजून साडेसहा कोटी वर्षं झाली. असे झरे पालघर-ठाण्यापासून रत्नागिरीतल्या राजापुरापर्यंत ओळीनं आहेत. गावांच्या नावांतच ते दिसतात. पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे. आपल्या बाजूला जळगाव जिल्ह्यातलं उनपदेव आणि नांदेडच्या किनवटकडचं उनकेश्वर. सगळीकडे ते 'ऊन' आहेच.

पहिल्या कुंडात पाय बुडवला आणि चटकन मागं घेतला. पाणी चांगलंच कढत. दुसरं थोडं सोसवेल असं. बायकांच्या आडोशाला गेले तर दाराला कडी नाही. मी पिशवी छातीशी धरून उभी. तेवढ्यात साठीची एक आजी, डोक्यावर चुंबळ तशीच ठेवून, म्हणाली, "बदल गं बाय, मी हाय." आणि तिनं स्वतःचा पदर दारात आडवा धरला. नाव-गाव काही विचारलं नाही. माझं झाल्यावर मी तिच्यासाठी तसाच पदर धरला.

मग पाण्यात उतरले. आधी घोटे, मग गुडघे, मग कंबर, मग गळ्यापर्यंत.

आता हे कसं सांगू? आमच्याकडे पाणी मोजून वापरायचं असतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची, गिरजेच्या पात्रात नुसते गोटे. दुष्काळाच्या वर्षी एका बादलीत दोघांच्या आंघोळी आणि तेच पाणी पुढं मोरीतून झाडांना. शिवाय घरात सात माणसं. पहाटे उठून बंब पेटवते मी, प्रत्येकाचं पाणी काढते मी, "पाणी निवलं" म्हणून बोलणी खाते मी. माझी पाळी येते तेव्हा बंबातली धग गेलेली असते. चौदा वर्षं मी कोमट पाण्यानंच आंघोळ करत आलेय. आणि इथं गळ्यापर्यंत ऊन पाणी, कुणी सरपण घातलेलं नाही, कुणी वाट पाहत नाही, संपायचं नाव नाही. माझे डोळे भरून आले. आजीनं ते पाहिलं असेल, पण वाफेत कोण रडतंय आणि कोण घामाघूम झालंय ते कळत नाही, हे एक बरं.

आजी म्हणाली, "पयल्यांदा आलीस? आधी बाहेर अंग धू, मग कुंडात. साबण लावायचा नाय." जपानातही नेमका हाच रिवाज आहे. तिथं गावोगावी ऊन पाण्याची स्नानगृहं असतात; मात्सुयामा शहरातल्या दोगो इथल्या स्नानगृहाची लाकडी इमारत तर १८९४ सालची. पण कुणीही बाहेर स्वच्छ अंग धुतल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकत नाही, आणि आत साबण वर्ज्य. तिकडच्या बायका एकट्या प्रवासाला निघतात, सकाळी एखादा किल्ला-देऊळ पाहतात, दुपारी तिथलं जेवतात, संध्याकाळी ऊन पाण्यात बसतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आपल्याकडे मात्र कुंडाच्या काठावर कुणी कपडे आपटत होतं, कुणी पाकिटाचा शाम्पू उघडत होतं. आजी त्यांच्यावर खेकसली ते मला मनापासून आवडलं.

डॉक्टरी सल्ल्याच्या दोन गोष्टी. रक्तदाब, हृदयाचा विकार असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कढत कुंडात उतरू नये. एका वेळी दहा मिनिटं पुरेत. बाहेर यावं, पाणी प्यावं, हवं तर पुन्हा जावं. या पाण्यानं रोग बरे होतात असं लोक छातीठोक सांगतात. मी तसं सांगणार नाही. ऊब लागून माझी ठणकणारी कंबर त्या रात्री गप्प झाली, एवढं खरं.

गणेशपुरीला भीमेश्वराचं देऊळ आणि नित्यानंद स्वामींची समाधी आहे. स्वामी १९६१ साली समाधिस्थ झाले. उशीर होत होता म्हणून तिथं नुसता नमस्कार केला. दिवेलागणीला विरारला पोचले. बहिणीनं दारातच विचारलं, "ताई, घाबरली नाहीस ना?" मी सुकेळीची पुडी तिच्या हातात दिली.

घरी आल्यावर एक गंमत झाली. पायातली जोडवी काळीठिक्कर पडली होती. गंधकाच्या पाण्यानं चांदीचं असं होतं. तुम्ही जाल तर पैंजण-जोडवी आधीच काढून ठेवा. घाबरायचं कारण मात्र नाही. ॲल्युमिनियमच्या भांड्यात कढत पाणी, त्यात चमचाभर खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून चांदी भांड्याच्या बुडाला टेकेल अशी पाच-दहा मिनिटं ठेवायची. काळेपणा उतरतो. मग साध्या पाण्यानं धुऊन मऊ फडक्यानं पुसायची. खड्यांचे दागिने मात्र यात घालू नका.

मी ओट्याशी जोडवी धूत होते तर सासूबाई गुडघा चोळत येऊन बसल्या. बराच वेळ त्या भांड्याकडे पाहत राहिल्या. माझं एकटीनं जाणं त्यांना अजून पटलेलं नव्हतं, आल्यापासून नीट बोलल्या नव्हत्या. मग म्हणाल्या, "त्या देवीला पायऱ्या किती हायेत म्हणालीस?"

"बावन्न, आई."

"कठडा हाये का धरायला?"